विनीला वाचवणारं खेचर

ऑरिन पिकरेल खोटं बोलत नाही, हे अख्ख्या क्विगली गावाला माहीत होतं. त्यात त्याचा मोठेपणा असा कुणी मानत नसे. खोटं बोलायचं तर आधी काहीतरी सुचावं लागतं, आणि ऑरिनला काही म्हणजे काही सुचत नाही, असं गावाचं स्वच्छ मत होतं. तो मालगाडीचा गार्ड. अंगकाठी सिग्नलच्या खांबासारखी आणि बोलणंही सिग्नलसारखंच, एक तर हात वर, नाही तर खाली.

"काय ऑरिन, वाटेत गहू कसा आहे?"

"उभा आहे."

"आणि पाऊस?"

"नाही."

झालं, संपलं बोलणं.

तरीही १९१६ सालच्या त्या उन्हाळ्यात गावात ऑरिनला जो मान होता तो रेव्हरंड ट्रॉट ह्यांनाही नव्हता. त्याला कारण विनी.

'रुळांवरची विनी' हा सिनेमा आठवड्याला एक भाग असा यायचा. विनी एका आडगावच्या स्टेशनात तारा पाठवायचं काम करायची. निदान तिचा पगार त्याबद्दल असावा, कारण तारा पाठवताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. ती कायम धावत्या घोड्यावरून धावत्या गाडीवर, नाही तर गाडीच्या टपावरून पुलाच्या दोरीवर. आणि दर भागाच्या शेवटी ती कशात तरी अडकलेली असायची, समोरून काहीतरी भयंकर येत असायचं आणि नेमकी तिथेच फिल्म संपायची. मग आठ दिवस गावाला घास गोड लागायचा नाही.

ही फिल्म आधी वरच्या हॉलोवे गावात शुक्रवारी लागे, तिथून खाणवाल्यांच्या छावणीत जाई आणि पुढच्या शनिवारी क्विगलीत येई. ऑरिनची गाडी शुक्रवारी हॉलोवेला मुक्कामाला असायची आणि शनिवारी दुपारी परत यायची. म्हणजे शनिवारी संध्याकाळी जो भाग गाव पाही, त्याच्या पुढचा भाग ऑरिन आदल्याच दिवशी पाहून आलेला असे. विनीचं पुढे काय होणार हे जगात विधात्याला माहीत होतं, आणि क्विगलीत ऑरिनला.

शनिवारी फेन्विकच्या पेंडीच्या दुकानामागच्या खोलीत बाकं मांडली जायची. फेन्विक स्वतः फिल्म दाखवायच्या यंत्राचा दांडा फिरवायचा. त्याला भूक लागली की गाड्या भरधाव सुटायच्या, पोट भरलेलं असलं की विनी घोड्यावरून उतरायलाच दोन मिनिटं घ्यायची. पडद्यावर अक्षरं आली की रेव्हरंड ट्रॉट ती मोठ्यानं वाचायचे, कारण निम्म्या शेतकऱ्यांना वाचता येत नव्हतं. पण रेव्हरंडांना चर्चचा एकच सूर ठाऊक. त्यामुळे काळ्या मिशीचा दरोडेखोर "पोरी, आता तू मेलीस" म्हणाला, तरी ते आशीर्वाद दिल्यासारखंच वाटायचं. पाठीमागून एकदोघं तर सवयीनं "आमेन" म्हणायचे.

भाग संपला, दिवे लागले, की सगळी बाकं एकदम मागे वळायची. मागे भिंतीला टेकून ऑरिन उभा असायचा.

"वाचली," ऑरिन म्हणायचा.

"कशी?"

"दोरी तुटली. खाली गवताची गाडी होती."

मग गाव सुस्कारा टाकून घरी जायचं. एवढ्यावर आठवडा निघायचा.

आता ह्यात ऑरिनचा स्वतःचा एक मामला गुंतलेला होता. स्टेशनसमोर लव्हिना स्टॉफरबाईंची खाणावळ होती. ऑरिन तिथे जेवायचा. वसंतात एकदा बीन्सची ताटली पुढे आल्यावर तो म्हणाला होता, "मिसेस स्टॉफर, लग्न कराल का माझ्याशी?" त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात लांब वाक्य. बाईंनी चमचा खाली ठेवला.

"मिस्टर पिकरेल," त्या म्हणाल्या, "माझा पहिला नवरा म्हणाला होता, फ्लोरिडात संत्र्यांची बाग आहे. लग्नानंतर कळलं. बाग होती, पण दुसऱ्याची. तो वारला तेव्हासुद्धा मी डॉक्टरांना तीनदा विचारलं, नक्की ना म्हणून. मला तुमच्यासारखाच माणूस हवा. तुम्ही पाऊस म्हणालात की मी छत्री घेते. पण एक थाप मारलीत, तर ही ताटली शेवटची."

"बरं. मग?"

"मग काय, त्या विनीचं एकदा मार्गी लागू द्या. तिचा जीव टांगणीला असताना मला लग्नाचं सुचत नाही."

ऑरिनला हे रास्त वाटलं. तो वाट पाहू लागला.

आणि मग तो शुक्रवार आला. हॉलोवेच्या अलीकडे ऑरिनची गाडी बाजूच्या रुळावर घालून ठेवली, कारण मागून गुरांची खास गाडी येत होती. गुरांना शिकागोच्या कत्तलखान्याची घाई होती. ती पुढे गेली, त्यातल्या एका बैलानं ऑरिनकडे वळूनही पाहिलं. ऑरिन हॉलोवेच्या थिएटरपाशी पोचला तेव्हा लोक डोळे पुसत बाहेर पडत होते. त्यानं एका जाड्या माणसाला गाठलं.

"विनी वाचली?"

"वाचली म्हणजे काय, वाचलीच की."

"कशी?"

"अहो, काय सांगू तुम्हाला," जाड्या म्हणाला, आणि खरंच काही न सांगता निघून गेला.

दुसऱ्या कुणाला विचारायची ऑरिनला लाज वाटली. टोपी घातलेल्या गार्डानं परक्या गावात बायामाणसांना विनीचं विचारत हिंडायचं, हे काही बरं दिसत नव्हतं. वाचली, एवढं कळलं ना, पुरे झालं, असं त्यानं मनाशी ठरवलं.

पण शनिवारी क्विगलीत लागलेला भाग भलताच बिकट होता. विनीचा बूट रूळ बदलायच्या सांध्यात अडकला. काळ्या मिशीनं वरच्या घाटातून एक मोकळं इंजिन सोडून दिलं. फेन्विकला भूक लागलेली असावी, कारण इंजिन असं काही आलं की पुढच्या बाकावरचे लोक पाय वर घेऊन बसले. "हे प्रभो, आता कोण तारील," रेव्हरंडांनी वाचलं, आणि फिल्म संपली.

दिवे लागले. बाकं वळली.

"वाचली," ऑरिन म्हणाला.

कुणीच सुस्कारा टाकला नाही. मधल्या बाकावर लव्हिनाबाई ॲप्रन तोंडाला लावून बसल्या होत्या. डोळे लाल. त्यांनी ॲप्रन खाली घेतला. "कशी हो, मिस्टर पिकरेल?"

'माहीत नाही' हे दोन शब्द ऑरिनच्या जिभेवर आले होते. पण बाईंचा तो चेहरा, आणि ते डोळे. त्यानं नजर फिरवली. भिंतीवर बियाणांच्या दुकानाचं कॅलेंडर होतं आणि कॅलेंडरावर एक खेचर होतं. तिथे कोबी असता तर विनीला कोबीनं वाचवलं असतं.

"खेचर आलं," ऑरिन म्हणाला.

"काय आलं?"

"खेचर. आलं, आणि त्यानं सांध्याच्या दांड्याला लाथ घातली. सांधा सरकला. इंजिन दुसऱ्या रुळावर गेलं."

गस बीडलर लोहार उठला. त्यानं जन्मभर खेचरांना नाल ठोकले होते आणि जन्मभर त्यांच्या लाथा खाल्ल्या होत्या. "कुठल्या पायानं?"

"मागच्या."

"डाव्या का उजव्या?"

"डाव्या."

"बरोबर," गस सगळ्यांकडे वळून म्हणाला. "खेचर डाव्यानंच मारतं. हा माणूस खरं सांगतोय. उजव्या म्हणाला असता तर मी इथेच पकडला असता."

आता ऑरिनला एक विचित्र गोष्ट जाणवली. त्याला सुचत होतं. आयुष्यात पहिल्यांदा सुचत होतं आणि थांबत नव्हतं. खेचर करड्या रंगाचं होतं. एक कान फाटका. काळ्या मिशीनं त्याला पूर्वी चाबकानं मारलं होतं, ते त्यानं मनात ठेवलं होतं. दांड्याला लाथ मारून झाल्यावर त्यानं दुसरी काळ्या मिशीला मारली. कुठे मारली ते बायकांसमोर सांगता येत नाही. काळी मिशी पाण्याच्या टाकीत पडला. लव्हिनाबाई हसत होत्या, रडत होत्या, आणि ऑरिन त्यांच्याकडे बघून खेचराला आणखी आणखी कामं सांगत होता.

त्या आठवड्यात क्विगलीत दुसरा विषय नव्हता. रेव्हरंडांनी रविवारी बायबलातल्या बलामाच्या गाढवीवर, जिला धन्याआधी देवदूत दिसला, प्रवचन दिलं आणि शेवटी विनीच्या खेचरावर आले. "निर्बुद्ध जनावर," ते म्हणाले, "पण सांधा कुठला ते त्याला कळलं. तुम्हाआम्हाला कळतो का आपला सांधा?" कुणालाच कळत नव्हता. शेतकरी आपापल्या खेचरांकडे वेगळ्या नजरेनं बघू लागले. एकानं तर आपल्या खेचराला रविवारची सुट्टी दिली.

ऑरिनला मात्र झोप लागेना. पुढच्या शुक्रवारी हॉलोवेला पोचल्या पोचल्या त्यानं लाज सोडून हॉटेलातल्या म्हाताऱ्या वाढप्याला विचारलं, "विनीचा बूट अडकला होता, त्याचं काय झालं?"

"काढला."

"कुणी काढला?"

"तिनं. नाडी सोडली, बूट काढला, बाजूला झाली."

"बस एवढंच?"

"मग आणखी काय पाहिजे? बूट होता, काढला."

ऑरिनला मनापासून वाईट वाटलं. स्वतःबद्दल वाटलंच, पण विनीबद्दलही वाटलं.

शनिवारी फेन्विकच्या दुकानाबाहेर सात खेचरं बांधलेली होती. लोकांनी त्यांना कौतुकानं आणलं होतं. आत बसायला जागा नव्हती. ऑरिन भिंतीला टेकून उभा राहिला आणि दार किती लांब आहे ते त्यानं बघून ठेवलं. लव्हिनाबाईंनी त्याच्यासाठी डब्यात मक्याचा पाव आणला होता. तो त्याच्या हातात होता आणि जड होत चालला होता.

फिल्म सुरू झाली. इंजिन आलं. विनी ओणवी झाली, बूट काढला, बाजूला झाली. इंजिन गेलं.

अंधारात गसचा आवाज आला. "खेचर कुठाय?"

"येईल की, थांब."

खेचर आलं नाही. विनी एका पायात बूट घालून तार पाठवायला निघून गेली. शेवटी ती पुन्हा कशात तरी अडकली, पण तिकडे कुणी पाहिलंच नाही. दिवे लागले. बाकं मागे वळली, आणि ऑरिननं डोळे मिटले. पण बाकं त्याच्यासाठी वळलीच नव्हती. ती यंत्राशी उभ्या फेन्विककडे वळली होती.

"फेन्विक, तू जेवला नव्हतास," गस म्हणाला.

"नव्हतो. त्याचं काय?"

"घाई केलीस. खेचर झपकन गेलं."

"अरे बाबांनो, मी फक्त दांडा फिरवतो. खेचर काही माझ्या खिशात नाही."

"पुन्हा लाव. सावकाश."

फेन्विकनं पुन्हा लावली. सावकाश म्हणजे इतकी सावकाश की इंजिन जागच्या जागी पेंगायला लागलं आणि विनीची नाडी काही केल्या सुटेना. बूट अर्ध्यावर आला तेव्हा रेव्हरंडांनी सर्व पुरुषांना खाली मान घालायला सांगितलं. मग फिल्म तापली, पडद्यावर तपकिरी डाग पसरला आणि धूर आला.

"जळलं," कुणीतरी हताशपणे म्हणालं. "खेचर जळलं."

"जळलेलं नाही," रेव्हरंड ट्रॉट उभे राहून म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "कापलेलं आहे. मित्रहो, ती लाथ आठवा. दुसरी लाथ. जी बायकांसमोर सांगता येत नाही. राजधानीत कात्र्या घेऊन बसलेत ना ते अश्लील काय नि सभ्य काय ठरवणारे? त्यांनी कापलं आपलं खेचर."

हे सगळ्यांना इतकं पटलं की आधी सुचलं कसं नाही ह्याचंच नवल वाटलं. हॉलोवेवाल्यांना खेचर, आणि आपल्याला नुसता बूट. गेल्या साली पोस्टाची इमारतही हॉलोवेलाच मिळाली होती. निषेधाचा अर्ज करायचं तिथेच ठरलं. रेव्हरंडांनी मजकूर सांगितला, 'एका प्रामाणिक जनावराला पुसून टाकण्यात आले आहे', आणि पहिली सही ऑरिननं करावी असं ठरलं. खेचर पाहिलेला तोच एकटा.

लेखणी त्याच्यापुढे आली. ऑरिननं ती घेतली नाही.

"खेचर नव्हतं," तो म्हणाला. "मी तो भाग पाहिलाच नाही. गाडी उशिरा पोचली. मी मनानं सांगितलं."

गसनं मायेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कुणी दम दिला तुला, ऑरिन?"

"कुणी नाही."

"रेल्वेच्या साहेबांनी दिला असणार. नोकरीचा प्रश्न आहे, आम्ही समजतो. पण मनानं सांगितलं म्हणू नकोस रे. तुझ्या मनात खेचर येईल? फाटक्या कानासकट?"

"डाव्या पायासकट?" फेन्विक म्हणाला. त्याच्यावरचा आळ गेल्यामुळे तोही आता खेचराच्या बाजूनं होता.

"भ्यायलाय बिचारा," रेव्हरंड म्हणाले आणि त्यांनी ऑरिनसाठी छोटीशी प्रार्थना केली.

गर्दीतून लव्हिनाबाई पुढे आल्या. त्या हसत नव्हत्या. त्यांनी ऑरिनच्या हातातला पावाचा डबा काढून घेतला. "मिस्टर पिकरेल, आत्ता बोललात ते खरं की तेव्हा बोललात ते?"

"आत्ताचं."

"मला कसं कळायचं? जो माणूस मनानं खेचर उभं करतो, तो मनानं खेचर नाहीसंही करेल." "येत्या शुक्रवारी तुमच्या गाडीनं मी हॉलोवेला येते. माझी मी बघते, माझी मी विचारते. परत आल्यावर तुमचं काय ते सांगते."

"बरं," ऑरिन म्हणाला. आठवडाभर तो कोरडा पाव खाऊन राहिला, कारण खाणावळीत पाय टाकायची त्याला हिंमत होईना.

शुक्रवारी बाई आल्या. डोक्यावर चर्चची हॅट. गार्डच्या डब्यात त्या ताठ बसल्या आणि हॉलोवे येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. हॉटेलात त्यांनी म्हाताऱ्या वाढप्याला विचारलं, "त्या बुटाच्या भागात खेचर होतं का हो?"

"कसलं खेचर, बाई?"

"नाही ना?"

"बूट होता," वाढपी म्हणाला. "काढला."

बाईंनी ऑरिनकडे पाहिलंही नाही. मग त्या थिएटरात जाऊन पहिल्या रांगेत बसल्या. ऑरिन मागे, भिंतीशी. त्या दिवशीच्या भागात विनीला सुरुंगाच्या दारूनं भरलेल्या मालगाडीच्या डब्यात कोंडलेलं होतं. वात पेटलेली, डबा उतारावरून सुटलेला. लव्हिनाबाईंचे दोन्ही हात हॅटवर गेले. आणि मग वात विझली. आपोआप. ती ओली होती. विनीनं दार ढकललं, ते उघडंच होतं. ती उतरून चालायला लागली.

परतीच्या वाटेवरही बाई खिडकीबाहेरच बघत होत्या. गव्हाची शेतं मागे जात होती. निम्मी वाट सरल्यावर त्या म्हणाल्या, "ओली होती."

"हो."

"म्हणजे उन्हाळाभर त्या पोरीसाठी मी देवाजवळ रडले, आणि वात मुळात ओली होती."

ऑरिननं झेंडा उलगडला आणि पुन्हा गुंडाळला.

"पैसे घेऊन ह्या लोकांना एवढंच सुचतं," बाई म्हणाल्या.

फलाटावर सगळं गाव जमलं होतं. गस सगळ्यात पुढे, कातडी ॲप्रन बांधलेला, हात चोळत. फेन्विक. अर्ज हातात धरून रेव्हरंड. लव्हिना स्टॉफरबाई खोटं खपवून घेत नाहीत, स्वतःच्या नवऱ्याच्या मरणाचीही त्यांनी खातरजमा केली होती, हे सर्वांना ठाऊक होतं. त्यामुळे त्या जे सांगतील ते शेवटचं. ऑरिन आधी खाली उतरला, त्यानं बाईंना हात दिला आणि टोपी काढून बाजूला उभा राहिला. टोपी काढली म्हणजे शिक्षा थोडी सौम्य होते असं त्याला वाटलं असावं.

"मिसेस स्टॉफर," गस घोगऱ्या आवाजात म्हणाला. "विचारलंत का? होतं का खेचर?"

ऑरिननं तोंड उघडलं. "गस, मी तुला सांगितलं ना—"

"तुम्ही थांबा," बाई म्हणाल्या.

त्यांनी गसकडे पाहिलं. रेव्हरंडांकडे पाहिलं. मागे कुणीतरी आपलं खेचरही घेऊन आलं होतं, त्याच्या गळ्यात रिबीन होती, त्याच्याकडेही पाहिलं.

"होतं," लव्हिनाबाई म्हणाल्या. "कालच्या भागात पुन्हा आलं. दोन होती."

फलाटावरून जो आवाज उठला त्यानं इंजिनवालासुद्धा दचकून खाली वाकून बघायला लागला. ऑरिनची टोपी हातातून पडली.

"दोन?"

"दोन. सुरुंगाचा डबा उतारावरून सुटला होता. एकानं तो थोपवून धरला, दुसऱ्यानं वात विझवली."

"विझवली कशी?" गसनं विचारलं.

बाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "ते बायकांसमोर सांगता येत नाही."

गसनं खूप विचार केला. मग मान हलवली. "बरोबर. खेचर असंच करतं."

सगळे एकदम ऑरिनकडे वळले. तू का नाही बोललास, अरे दोन होती ना, दुसरं कुठून आलं. ऑरिननं वाकून टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली. "मला नीट दिसलं नाही," तो म्हणाला. "मी मागे उभा होतो. बाई पुढे होत्या."

"ऑरिन," लव्हिनाबाई म्हणाल्या, आणि 'मिस्टर' गेला कुठे ह्याकडे फलाटावर कुणाचंच लक्ष नव्हतं, एका ऑरिनशिवाय. "माझी पिशवी उतरव. आणि जेवायला ये, आठ दिवसांत काड्या झाल्यात तुझ्या." मग त्या रेव्हरंडांकडे वळल्या. "रेव्हरंड, पुढच्या रविवारी दुपारी चर्च मोकळं आहे का? आमचं दोघांचं लग्न लावायचंय."

"मोकळं आहे की," रेव्हरंड ट्रॉट म्हणाले, आणि अर्ज उलटा करून त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. "पण ते दुसरं खेचर, मिसेस स्टॉफर. रंगानं कसं होतं?"